साचा बंद कर

मला पाहायला आले तेव्हा सासू-सासऱ्यांनी माझ्याबद्दलचा निर्णय माझ्यादेखत, माझ्या आईने केलेले पोहे खातखात घेतला आणि आमच्या घरातल्या कुणालाही त्याचा पत्ता लागला नाही. गिरगावातल्या आमच्या दीड खोलीत दोघं समोरासमोर बसले होते. सासूबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मला वाटलं, नामस्मरण चाललंय. सासरे मधूनमधून मान डोलवत होते; मला वाटलं, पोहे आवडले. लग्न होऊन बरेच दिवस लोटल्यावर कळलं की सासूबाई तेव्हा म्हणत होत्या, "नाक फेंदारलेला आसा, पण नजर सरळ आसा. बोलता खूप. आपल्या घरात कोणतरी बोलणारा व्हयाच."

सासरे गुणाजी आणि सासूबाई कौसल्या, दोघंही गिरणीतले. लग्नानंतर मीही त्यांना आई-बाबाच म्हणायला लागले. बाबा साचाखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालायचे तिथे. माग हा आपला पुस्तकातला शब्द; गिरणीत त्याला साचा म्हणत. आई सुताच्या कांड्या भरणाऱ्या खात्यात. दोन्हीकडे यंत्रांचा खडखडाट असा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग घसा कशाला फोडायचा? तिथली माणसं ओठांनी बोलत. आवाज न काढता, ओठ जरा मोठे हलवून, जोडीला हाताच्या खुणा. गावातली भावकीची भांडणं, मुकादमाची टिंगल, संध्याकाळच्या भजनाचा बेत, सगळं चालत्या साच्यांच्या पलीकडे असंच पोचायचं.

त्या खडखडाटाने बाबांचे कान हळूहळू गेले. पण घरातलं बोलणं काही अडलं नाही, कारण बोलीच तशी होती. आई आमच्याशी, शेजाऱ्यांशी, कोळणीशी आवाजात बोलायच्या; कोळणीशी तर चांगल्या चढ्या आवाजात. बाबांकडे वळल्या की नुसते ओठ. नवऱ्याशी बोलताना गळ्यातून आवाज काढायचा असतो, हे त्या जणू विसरूनच गेल्या होत्या.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत कुणाचं भांडण कुणापासून लपत नसे. या दोघांची भांडणं मात्र भिंतीपलीकडे कधी गेली नाहीत. "काय गुण्यागोविंदानं राहतात तुमचे सासू-सासरे," असं शेजारच्या रमाबाई मला सांगायच्या, आणि त्याच वेळी आत दोघं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायचे. कपाळाला आठ्या, हातवारे, आणि आवाज फक्त पंख्याचा. मी दारात उभी राहून रमाबाईंना हो हो म्हणायचे.

मीही ती बोली शिकले. शिकावीच लागली. नवी सून घरात आलीय, समोर दोन माणसं तिच्याकडे बघून ओठ हलवतायत, हे कुठली बाई सहन करेल? मी शाळेत शिकवते. माझा आवाज मधल्या सुट्टीतही पटांगणाच्या टोकापर्यंत जातो. पण बाबांशी बोलताना तो काडीच्या कामाचा नव्हता. शेवटी आईंनीच मला समोर बसवून शिकवलं. पहिली खूण ही: मूठ वळायची आणि छातीशी ओढायची. साचा थांबवायचा दांडा असाच ओढत. साचा बंद कर. गिरणीत त्याचा अर्थ, धागा तुटलाय की कुणाचा हात अडकलाय ते नंतर बघू, आधी थांब आणि माझ्याकडे बघ. घरातही अर्थ तोच राहिला. एकाने मूठ छातीशी आणली की दुसऱ्याने हातातलं टाकून समोर बघायचं. भांडणाच्या मध्येही. हा त्या दोघांचा कायदा होता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"आणि आयक," आई म्हणाल्या होत्या, "नुसते ओठ बघू नको. ओठ खोटा बोलतत. माणसाचा पुरा तोंड बघायचा."

त्यामुळे बाबांशी खोटं बोलणं अशक्य होतं. आमची मुलगी अक्षदा लायब्ररीचं नाव सांगून मैत्रिणींबरोबर दादरला भटकून आली, की बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघून एवढंच विचारत, "लायब्रेरीत पाणीपुरी बरी मिळता काय गो?"

चाळ पडली आणि तिच्या जागी टॉवर आला. हॉल, बेडरूम, किचन. सामान लावताना बाबांनी एकच हट्ट धरला. त्यांची खुर्ची दाराशी, चपलांच्या कपाटाला चिकटून ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, सुनेने म्हाताऱ्याला दारात बसवलंय. मी दोघातिघांना समजावून बघितलं, मग सोडून दिलं. खरी गोष्ट अशी, की साऱ्या घरात त्या एकाच जागेवरून स्वयंपाकघरातली शेगडी सरळ दिसत होती. आई भाजी परतताना मान वळवायच्या, काही बोलायच्या. बाबा तिथून उत्तर द्यायचे. सकाळी चहापासून हे सुरू व्हायचं. काय एवढं बोलायचे? काही नाही. मीठ संपलंय. समोरच्यांची मुलगी माहेरी आलीय. देवगडचा आंबा यंदा उशिरा. पण माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या वाट्याला एवढं बोलणं आठवड्यात येत नसे.

माझा नवरा अजित सॉफ्टवेअरवाला. आमच्या घरात त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एक अॅप असतं. लादी पुसणारं चपटं यंत्र आणलं. ते देव्हाऱ्याखाली अडकून केविलवाणं वाजत बसायचं. टाळीने लागणारे दिवे आणले. गणपतीत आरती सुरू झाली आणि टाळ्यांबरोबर सगळं घर लखलखायला आणि विझायला लागलं. मी त्याला त्यावरून अजून चिडवते. ओठांची बोली त्याला लहानपणी येत होती म्हणे. मोठा झाल्यावर मित्रांसमोर लाज वाटायला लागली आणि त्याने ती सोडली. बापाशी तो मोबाइलवर टाइप करून बोलायचा. पण बापावर जीव होता त्याचा, हे मी कधी नाकारणार नाही.

साथीच्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि बाबांना बाहेरचं जग बंद झालं. वाणी, डॉक्टर, वॉचमन, सगळ्यांचे नुसते डोळे. मास्क गेले तरी बाबांचं बाहेर पडणं कमीच झालं. मग मागल्या वर्षी लालबागच्या सिग्नलजवळ मागून आलेल्या मोटारसायकलचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. कोपर सोलवटलं, चष्मा गेला, थोडक्यात निभावलं. अजितने त्याच आठवड्यात त्यांना दादरला नेऊन कान तपासून घेतले.

कानाचं मशीन घ्यायला आम्ही सगळेच गेलो होतो, लग्नाच्या खरेदीला जावं तसे. कानामागे बसणारी दोन छोटी मशीनं, आणि त्यांचा सगळा कारभार मोबाइलमधल्या अॅपवर. दुकानातल्या मुलीने समजावून सांगितलं: हे मशीन आजूबाजूचं सगळं ऐकतं, त्यात माणसाचं बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला हे स्वतःच ठरवतं, गोंगाट दाबतं आणि बोलणं वर आणतं. वापराल तसं ते तुमच्या सवयी शिकत जातं. अजित प्रश्नावर प्रश्न विचारत होता. लहान मुलाला खेळण्यांच्या दुकानात सोडल्यावर होतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

मशीनं लावली. बाबांनी आधी वर पंख्याकडे बघितलं. मग चप्पल लादीवर घासून बघितली, पुन्हा घासली. अक्षदा म्हणाली, "आजोबा." बाबांनी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. पोरीचा आवाज ते पहिल्यांदा नीट ऐकत होते. दुकानातल्या मुलीचेही डोळे भरले, माझं तर विचारूच नका.

"आता आजी बोला," ती मुलगी म्हणाली.

आई पुढे येऊन समोरच्या स्टुलावर बसल्या. ओठ हलले. आवाज नाही.

"आजी, आवाजात बोला ना."

"आई, मशीन ओठ नाय वाचत," अजित हसत म्हणाला.

आईंनी पदराने तोंड पुसलं, घसा खाकरला. त्यांचा आवाज घोगरा. गिरणीत कापसाची तुसं घशात जाऊन जाऊन तो तसा झालेला, त्यात आता वय. आम्हाला तो सवयीचा. "ऐकाक येता?" त्यांनी विचारलं.

बाबा दचकले. त्यांनी मागे वळून बघितलं, मग पुन्हा आईंकडे. आणि पोट धरून हसत म्हणाले, "अगो, ह्यो तुझो आवाज? माका वाटला, खंयची म्हातारी इली!"

आम्ही सगळे हसलो. आईही हसल्या. वर्गात एखाद्या मुलाची फजिती झाली की तो सगळ्यांच्या आधी हसतो, तसं ते हसणं होतं. त्यानंतर दादरहून घरी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

मशीनने बाबांना काय दिलं, ते मी झाकून ठेवणार नाही. कावळे दिले, देवळातली घंटा दिली, अक्षदाचं गाणं दिलं. फोन थेट कानात ऐकू यायला लागला. गावाकडचे, देवगडचे मित्र, गिरणीतले जुने जोडीदार, ज्यांची नुसती नावं आम्ही ऐकली होती, ते आता रोज बाबांच्या कानात येऊन बसायला लागले. एवढी वर्षं मुकी झालेली माणसं परत मिळाली म्हटल्यावर कुणाला हर्ष होणार नाही? बाबांची खुर्ची हॉलच्या खिडकीशी गेली, कारण तिथे रेंज चांगली आणि खालचा रस्ता ऐकू येतो. दाराशी रिकामी झालेली जागा अजितने घरून काम करायच्या टेबलाला घेतली. कुणी काही ठरवलं नव्हतं, जागा रिकामी होती म्हणून टेबल आलं.

खिडकीशी बसलं की किचनकडे पाठ होते.

आई पहिले काही दिवस किचनच्या दाराशी यायच्या. ओठ हलवायच्या. बाबांची पाठ. मग त्या आत जायच्या आणि मला म्हणायच्या, "त्यांका सांग, चाय झाली." मी सांगायचे. "त्यांका विचार, पेज खातले काय भात?" मी विचारायचे. घाईच्या सकाळी हे करताना माझ्या डोक्यात शाळेची बस असायची, पेपर तपासायचे असायचे. याच्या तोंडचं त्याच्या कानाला, एवढंच माझं काम. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ही दोघं आता माझ्याशिवाय बोलतच नाहीत. आणि मी मधे असताना मीठ, भात आणि औषधं सोडून काही बोलणंही नाही. समोरच्यांच्या मुलीची बातमी आईंच्या पोटातच राहत होती.

एकदा आई नारळ खवत असताना मी त्यांना सरळ विचारलं, "आई, तुम्ही बाबांशी बोलत का नाही? आता तर त्यांना सगळं ऐकू येतं."

त्या खवत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय बोलू? तोंड उघडलंय की म्हातारी भायर येता."

"मग पूर्वीसारखं बोला. ओठांनी."

"ते बघतत खंय?"

म्हण आहे ना, कानामागून आली आणि तिखट झाली. ही मशीनं तर खरीच कानामागून आली होती. मला त्यांचा राग यायला लागला, आणि रागावून तरी काय करणार? बिचाऱ्या मशीनची चूक नव्हती. त्याला बोलणं वर आणायला सांगितलं होतं आणि ते आणत होतं. आईंचं बोलणं आवाजाचं नव्हतंच. त्या मशीनच्या लेखी आमच्या घरात सगळे बोलत होते, फक्त एक बाई गप्प होती.

मी अजितला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एक छोटा माइक मागवला. आईंनी तो पदराला लावायचा, म्हणजे त्या कुजबुजल्या तरी बाबांच्या कानात थेट. "हळू बोललीस तरी चालेल, आई. आवाज छान करून पाठवतो तो." आईंनी माइक हातात घेऊन उलटसुलट बघितला. "मंगळसूत्र पुरे झाला," त्या म्हणाल्या आणि तो मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवून दिला. अजून तिथेच आहे. अजितला वाईट वाटलं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्याचं तोंड बघून ओरडवेना.

बाबांना मात्र मी सोडलं नाही. एका रविवारी अजित आणि अक्षदा बाहेर गेले होते, आई देवळात. मी बाबांच्या समोर जाऊन बसले आणि चक्क मूठ छातीशी आणली. त्यांनी फोन ठेवला.

"बाबा, तुम्ही आईंकडे बघत का नाही?" मी आवाजात विचारलं.

त्यांनी मस्करी करून बघितली, विषय आंब्यावर नेऊन बघितला. मी हलले नाही. मग ते हळू आवाजात बोलायला लागले. आता त्यांना हळू बोलता येत होतं, तेही मशीननेच दिलेलं.

"माझे कान गेले ते हळूहळू गेले गो. त्यामुळे तिचो आवाज माझ्याकडे रवलो. लग्नाच्या वक्ताचो. बारीक होतो, गोड होतो. ती नुसते ओठ हलयी आणि माझ्या डोक्यात तो आवाज बोले. इतकी वर्सां मी तोच ऐकलंय." त्यांनी कानामागे बोट लावलं. "त्या दुकानात तिना तोंड उघडल्यान आणि तो आवाज गेलो. आता तिचे ओठ बघितलंय तरी हो घोगरोच येता. जुनो येणा नाय. म्हणान बघूक नको वाटता."

एक बाई आपला आवाज लपवत होती, आणि तिचा नवरा तिचा आवाज हरवला म्हणून तोंड फिरवून बसला होता. दोघांचं दुःख एकच आणि दोघांना एकमेकांचं माहीत नाही.

"हे त्यांना सांगा की."

"कसा सांगू? मोठ्यान बोललंय तर साऱ्या घराक ऐकाक जातला."

"ओठांनी सांगा."

ते खिडकीकडे वळले. "बघूया," म्हणाले. फोन पुन्हा वाजला आणि त्यांनी तो घेतला. मी आईंना यातलं काही सांगितलं नाही. हे त्यांनी बाबांच्या तोंडून ऐकावं, सुनेच्या नव्हे, असं मला वाटत होतं, आणि आजही मला ते चूक वाटत नाही. फक्त ते "बघूया" फार लांबलं.

मग बाबांची पंचाहत्तरी आली. मोठा घाट नको म्हणून घरच्या घरीच करायचं ठरलं. सकाळी कणकेच्या दिव्यांनी औक्षण झालं. ओवाळताना तरी दोघं एकमेकांकडे बघतील म्हणून मी टपून बसले होते. आईंची नजर दिव्यांवर आणि बाबांची आईंच्या हातावर. दुपारी कोंबडी-वडे. आई वडे तळायला बसल्या आणि कुणाला हात लावू देईनात.

अक्षदाने आजोबांसाठी एक फिल्म केली होती. वर्षभर ती मोबाइलवर काही ना काही टिपत असायची, ते तुकडे जोडून वर गाणं लावलेलं. तिने ती टीव्हीवर लावली आणि आवाज थेट बाबांच्या कानातही सोडला. बाबा खूश. दुकानात चप्पल घासणारे बाबा. गच्चीवर पतंग बघणारे बाबा. दिवे टाळ्यांनी नाचत असताना आरती करणारे बाबा. आम्ही हसत होतो. आईंना मी दोनदा हाक मारली. "तेल तापलाहा," आतून उत्तर आलं.

पुढचा तुकडा खिडकीतला होता. बाबा फोनवर कुणाशी तरी बोलत खदाखदा हसतायत. अक्षदाने त्यांचं हसू जवळून टिपलं होतं आणि ते खरंच छान होतं. मागे, बाबांच्या खांद्यावरून, किचनचं दार दिसत होतं. दारात आई. त्यांनी मूठ वळली आणि छातीशी ओढली. बाबा हसत होते. त्यांनी पुन्हा मूठ छातीशी ओढली. मग त्यांचे ओठ हलले, मोठे मोठे, मला शिकवताना हलवायच्या तसे. मी वाचलं. "माझ्याकडे बघा एकदा." थोडं थांबल्या. मग हात पदराला पुसून आत गेल्या.

पोरीने हे टिपताना बघितलंही नसेल. ती आजोबांचं हसू बघत होती.

"मागे घे," बाबा म्हणाले.

अक्षदाने मागे घेतलं. बाबांनी दोन्ही मशीनं कानातून काढून मुठीत धरली आणि टीव्हीच्या जवळ जाऊन उभे राहिले. आमच्या कानांवर गाणं वाजतच होतं. मूठ, पुन्हा मूठ, ओठ, पदर. बाबांनी परत मागे घ्यायला लावलं. या वेळी आई बोलल्या तेव्हा बाबांचेही ओठ हलले. "बघतंय," असं ते म्हणाले. टीव्हीतल्या आई वळून आत गेल्या.

अजितने सगळं पाहिलं होतं. सोडलेली बोली त्यालाही एवढी तरी आठवत असावी. तो घसा साफ करत म्हणाला, "अक्षू, तो भाग मी काढून देतो एडिट करून." माझ्या नवऱ्याला दुसरं काही सुचत नाही. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला.

बाबा किचनच्या दाराशी गेले. बरोबर त्याच जागी उभे राहिले जिथे फिल्ममध्ये आई उभ्या होत्या. आई शेगडीसमोर, दाराकडे पाठ करून. मी बाबांच्या मागे होते. बाबांनी उजव्या हाताची मूठ वळली आणि छातीशी ओढली. मशीनं डाव्या मुठीत. आईंना दिसेना. बाबा तसेच उभे राहिले, मूठ छातीशी धरून. वडा उलटताना आईंनी मान जरा वळवली आणि त्यांना ते दिसलं.

झारा थांबला. त्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता झालं. माझे हात आपोआप जुळले.

आईंनी मान फिरवली, पाठ पूर्ण आमच्याकडे केली आणि कढईत बघत बोलल्या. आवाजात. त्या दुकानानंतर बाबांसाठी त्यांनी गळ्यातून काढलेला तो पहिला आवाज होता, घोगरा, कापणारा.

"साचो कधीचो बंद झालो. आता मूठ कित्याक दाखयतास?"

तेल तडतडत होतं. बाबा तसेच उभे. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मशीनं त्यांनी आईंसाठीच काढली होती, आणि समोर नुसती पाठ होती. पाठीवरून कुणाला काय वाचता येणार? त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग माझ्याकडे वळून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं,

"काय गो म्हणाली ती?"

गिरणीतल्या खडखडाटातही हा प्रश्न त्यांना कधी दुसऱ्याला विचारावा लागला नव्हता. आई वळल्या नाहीत. पटांगणाच्या टोकापर्यंत जाणारा माझा आवाज मी काढलाच नाही. मी ओठच हलवले.

"हात धुऊन बसा, म्हणाल्या. वडे झाले."

बाबांनी माझे ओठ वाचले. मग ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पुऱ्या तोंडाकडे.

"बरां," ते म्हणाले. मशीनं त्यांनी खिशात ठेवली आणि खिडकीशी जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून.